कडी लागलेली होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला आले तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. शांताक्कानं बसवनगुडीत घर शोधून दिलं, रिक्षावाल्याशी भांडायला शिकवलं. संस्थेत ती माझी वरिष्ठ, जनावरांची डॉक्टर. हरणाचे डोळे फडक्यानं झाकले की ते शांत होतं, हेही तिनंच शिकवलं. मला जे काम येतं ते सगळं तिच्याकडून आलेलं आहे. हे आधी सांगायला हवं.

आमचा प्रयोग चितळांवर होता. काहींना गुरांचा क्षय मुद्दाम द्यायचा आणि तो कसा वाढतो ते बघायचं. तुलनेसाठी ठेवलेली निरोगी हरणं दारापलीकडे. नियम असा, की आधी निरोगी हरणांचं करायचं, मग आजारी. तिकडची काडीही इकडे आणायची नाही.

आणि मी? एका सकाळी आजारी हरणांच्या गव्हाणीत ताजा पाला तसाच उरलेला दिसला. अन्न टाकायचं नाही, हे घरातून अंगात मुरलेलं. मी तो उचलला आणि पलीकडे निरोगी माद्यांपुढे टाकला. विचार केला नाही असं कसं म्हणू? केला होता — एवढ्यानं काय होतंय, असा.

पुढे त्यातली एक मादी चाचणीत आजारी निघाली. तिला मारावं लागलं. साहेबांनी विचारलं, "मधलं दार कुणी उघडं टाकलं होतं?"

मला माहीत होतं, दाराचा प्रश्नच नाही. मी खाली बघितलं.

"मीच असेन, सर," शांताक्का म्हणाली. "एकदा घाईत होते. कडीची स्वल्प शंका आहे."

तिला प्रयोगातून काढलं. तिची जागा मला मिळाली. किल्ल्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "नीट सांभाळ गं. माझ्यासारखं करू नको."

आता ती निवृत्त आहे, राजाजीनगरला असते. माझ्या आजारपणात महिनाभर डबा तिनं पाठवला. दर थंडीत माझ्यासाठी सोललेले पावटे राखून ठेवते. आम्ही बाहेर निघालो की अर्ध्या जिन्यातून परत वर जाते.

"थांब, कडी बघून येते. माझा काय भरवसा? एक हरीण मारलंय मी." आणि हसते.

मी खाली तिची पिशवी धरून उभी असते.

तिनं लावलेली कडी मी रोज बघत होते. त्या सकाळीही ती लागलेली होती. पाला काखेत धरून मी ती काढली.