जगदेवीची बस ठाण्यात

मुडबी-गुलबर्गा बसवर जगदेवी कंडक्टर असली की फुकट बसायची कुणाची टाप न्हाई. मी शरणम्मा, रोज भाजीच्या पाट्या घेऊन त्याच बसनं जाते. "मावशी, मेथी उभ्यानं येणार का सीटवर?" म्हणून ती माझ्या पाटीचंबी तिकीट फाडते. अशी द्वाड बाई!

ही दोन हजार अकरा सालातली गोष्ट. पंधरा दिवस जगदेवीचं तोंड एवढंसं झाल्तं. फोन वाजला की दचकायची. खोदून खोदून विचारलं तवा तिनं नेट कॅफेतून रंगीत छापून आणलेला कागद काढला. कुण्या मेल्यानं फेसबुकावर तिच्या नावानं खातं उघडलेलं. वर चोरून काढलेला खाकीतला फोटो, खाली मोबाईल नंबर, आन् 'एकटी हाय, फोन करा'. पार हैदराबादपासून रिकामटेकडे फोन करायलेत! नवरा पिराप्पा म्हणला होता, "सोमवारपासून घरी बस. बास झाली नोकरी." दोनदा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, माय! घाण बोलणारे मोकळे, आन् घरी बसायचं हिनं? माझं डोस्कंच फिरलं.

मला वाचाया येत न्हाई, पण डोळे हायत की. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या मांडीवर, पोपटी टॉवेल दिसायलता.

"अगं येडे, ह्यो तर आपल्याच बसमधला!"

आमच्याकडं खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात. कुणाचा टॉवेल कोणता, सगळ्या बसला पाठ. पोपटी, इस्त्रीनं जळालेला, तो सुनीलकुमारचा. कचेरीतला कारकून, अत्तर मारून येणारा. महिन्याखाली त्यानं बायकांच्या सीटवर टॉवेल टाकला, तवा जगदेवीनं त्याला चारचौघांत उठवलं होतं. त्याचा राग असा काढला गड्यानं.

शनिवारी तो ऐटीत बसलेला. जगदेवीनं कागद त्या टॉवेलाशेजारी धरला. "हे कुणाचं काम, साहेब?"

गडी पांढराफटक. "अक्का, जराशी मजा केली..."

"मग सगळे मिळून करू की!" तिनं घंटी मारली. "माणिकप्पा अण्णा, बस पोलीस ठाण्याला घ्या."

ड्रायव्हर माणिकप्पानं खरंच बस वळवली. मागून एकजण कुरकुरला, "अवो, मला उशीर व्हायलाय."

"होऊ दे!" मी खेकसले. "माझी मेथी वाळायलीय, मी काय बोलले का?"

ठाण्यात जमादारानं जांभई देत विचारलं, "तक्रार कुणाची?"

"माझी," जगदेवी म्हणली.

"माझीबी." बघते तर मल्लेश्वरी, रोजची पासवाली, कॉलेजची पोरगी. "माझंबी खातं काढलंय ह्यानं. घरी कळलं तर कॉलेज बंद करतील म्हणून गप होते, अक्का."

जगदेवीनं तिचा हात धरला. माझे तर डोळेच भरले. जमादारानं वही उघडली. "सांगा बाई, नाव?"

"आमची नावं लई लिहून झाली," जगदेवी म्हणली. "आधी ह्याचं लिहा."

सोमवारी बस आली, दारात जगदेवी उभी. मी चढता चढता विचारलं, "कामून गं, पिराप्पानं सोडलं का?"

"मी त्याला विचारलंच न्हाई, मावशी."