परळच्या वॉर्डातला उपदेश

श्रीरामपूरहून पहाटेची एसटी धरली, तेव्हा माझं कुणाशी भांडण नव्हतं. दादरला उतरून टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने परळच्या रुग्णालयाच्या भलत्याच गेटवर सोडलं. उन्हात अख्खा वळसा घातला. फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक पथाऱ्या टाकून बसलेले. मागे गिरणीच्या जागेवर आभाळाला भिडलेले टॉवर.

मार्थाताई, माझी थोरली बहीण, तिसऱ्या मजल्यावर होती. केमोने केस गेलेले. शेजारच्या खाटेवर लालबागच्या परबांची बायको. परब घरून पेज (मऊ, पातळ भात) आणायचे.

"ताईंसाठीपण आणलीय. गरम आसा तोवर खावा," ते म्हणाले. ताईने चार घास खाल्ले.

दुपारी भायखळ्याहून ओळखीचे एक उपदेशक आले. लांबलचक प्रार्थना झाली. मग म्हणाले, "ताई, विश्वास पुरता असता तर एव्हाना बऱ्या झाला असता. मनात एखादं पाप दडलंय का, बघा."

ताई उशीला टेकून उठून बसली. "प्रभूने तारलंय मला," ती म्हणाली. "तरी दुखतंय. दुखणं म्हणजे पाप नाही."

माझं डोकं फिरलं. त्यांना दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं. "पुन्हा या खाटेजवळ दिसू नका," एवढंच बोललो.

परब मागोमाग आले. "मास्तर, राग मानू नका. पण असला देव हवा कशाला? माझी बायको कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिलाच का?"

वीस वर्षं रविवारशाळेत या प्रश्नाची उत्तरं शिकवली. ती सगळी आता पोकळ वाटली. स्वतःचाही राग आला.

"आमच्या प्रभूनेही क्रूसावरून हेच विचारलं होतं," मी म्हणालो. "का म्हणून."

"मग? मिळालं उत्तर?"

"त्या घटकेला नाही."

परब कठड्याला टेकून उभे राहिले. "माझा नाय विश्वास," ते म्हणाले, "पण हा तुमचा प्रभू त्या माणसापेक्षा खरा वाटतो."

आठवड्याने भाची ताईजवळ राहायला आली आणि मी परतलो. ताईचे उपचार अजून चालू आहेत. गावी आमच्या चर्चच्या मंडळीच्या बैठकीत त्याच उपदेशकांना सभेसाठी बोलवायचं घाटत होतं. मी उभा राहिलो. म्हटलं, त्यांनी आधी ताईची माफी मागावी, मग व्यासपीठावर चढावं. वडीलधारे म्हणाले, ख्रिस्ती माणसाला एवढा राग शोभत नाही.

माझी देवावरची श्रद्धा जागच्या जागी आहे. पण जो दुखणाऱ्यालाच आरोपी करतो, त्याच्यापुढे शांत राहणं मला यापुढे जमणार नाही. उपदेशकांनी माफी मागितली नाही; सभा रद्द झाली.