व्हेल पाहिल्याची साक्ष

आमच्या ओळखीतले लोक अमेरिका बघत नाहीत, करतात. यलोस्टोन करून झालं, ग्रँड कॅनियन दोनदा झालं, अलास्का पुढच्या वर्षी करायचंय. कॅलिफोर्नियाचा किनारा तर आमच्या पार्सिपनी गावातल्या सगळ्यांनीच केलेला, म्हणून नवऱ्याने ओरेगनचा किनारा शोधून काढला. विमानाने पोर्टलंडला जायचं, तिथून भाड्याची गाडी घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने आठ दिवस दक्षिणेला उतरत राहायचं. हॉटेलं नाहीत, तंबू. "खरा निसर्ग तंबूत झोपल्यावरच कळतो," असं त्याने मला सांगितलं. त्याच्या आयुष्यात याआधी आलेला तंबू म्हणजे आमच्या लग्नाचा मांडव.

तयारी दोन महिने चालली होती. गुडघ्यापाशी चेन असलेली पँट आली, मानेवर फडका लोंबणारी टोपी आली, कपाळावर बांधायचा दिवा आला. तो दिवा लावून हा गृहस्थ घरातला फ्रिज उघडायचा. मग एक्सेल शीट झाली. चोवीस प्राणी आणि पक्षी, पुढे तारीख, ठिकाण आणि 'कन्फर्म्ड' असा एक रकाना. सगळ्यात वर, पिवळ्या रंगात, व्हेल. स्टोव्हसुद्धा त्याने मुद्दाम पंप मारायचा घेतला, कारण तो म्हणे जास्त ऑथेंटिक. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारून मारून माझ्या आईचा खांदा कायमचा दुखावला होता. आता तेच काम तिच्या मुलीने पॅसिफिक महासागराच्या काठी हौसेने करायचं होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात बोलण्याचं काम त्याचं आणि साक्षीचं माझं. आम्ही शिकागोत होतो तेव्हा एकदा डेव्हन ॲव्हेन्यूवर आमची गाडी बर्फात अडकली. पाऊण तास. दोघांनी ढकलली, निघाली, घरी आलो. तो किस्सा आता सहा तासांचा झालाय, आणि त्यात एक बस ड्रायव्हर, एक मिठाईवाला आणि गरम जिलेब्याही आल्यात. सांगून झालं की तो माझ्याकडे वळतो, "हो ना गं?" म्हणतो, आणि मी "हो" म्हणते. सव्वीस वर्षं म्हणतेय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या चुका शोधून त्यांना परत पाठवायच्या आणि संध्याकाळी घरच्या थापांवर शिक्का मारायचा, असा माझा दिनक्रम. तुला काय दिसलं, असं मला कुणी कधी विचारत नाही. शिक्क्याला कोण विचारतं?

म्हणून निघायच्या आधीच मी त्याला बजावलं.

"या ट्रिपचं जे काय सांगशील ते तुझं तू सांग. मला मध्ये घेऊ नकोस. या वेळी मी हो म्हणणार नाही."

"मी काय खोटं बोलतो का?"

"सहा तास?"

"अगं, फील तर सहा तासांचाच होता ना."

अल्फारेटाला राहणाऱ्या मुलीला मी फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मॉम, जस्ट लेट हिम हॅव इट. हू केअर्स?" बरोबर आहे, तिला काय जातंय? ती बोलते ते तिचं ती बोलते. मला मात्र एकदा तरी बघायचं होतं की मी हो म्हटलं नाही तर काय होतं.

ट्रिप जशी व्हायची तशीच झाली. पहिल्या दिवशी त्याने एकाच जातीचे समुद्रपक्षी तीन वेगवेगळ्या ओळींत टाकले. दुसऱ्या दिवशी गाडी थांबवून अर्धा तास दुर्बिणीतून एक सील पाहिला. तो सील अर्धा तास हलला नाही, कारण तो ओंडका होता. मी तसं म्हटलं, तर "रेस्ट घेतोय" म्हणाला आणि कन्फर्म्ड करून टाकला. तिसऱ्या दिवशी एल्क मात्र खरोखर दिसले. बारा-पंधरा दांडगी हरणं एका शाळेच्या मैदानावर गोलपोस्टखाली आरामात बसली होती. ती त्याला पसंत पडली नाहीत. फोटोत गोलपोस्ट येऊ नये म्हणून हा माणूस त्या नव्या पँटसकट चिखलात आडवा झाला. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या डोळ्यांसमोर मांजराएवढ्या एका रॅकूनने डबा उघडला आणि माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या हात धुऊन जेवायला बसल्यासारखं एकेक करून खाल्ल्या. त्याची शीटमध्ये नोंद झाली नाही, कारण रॅकून यादीत नव्हता.

झोपेबद्दल बोलण्यासारखं काही नाही. हवेची गादी पहाटेपर्यंत जमिनीला टेकायची. शेजारच्या जागांवर लोक बसएवढ्या गाड्या घेऊन आले होते, त्यांत पलंग, टीव्ही आणि कुत्र्यासाठी वेगळी गादी. निसर्ग त्यांनाही कळत असावा, कारण ते रोज सकाळी अगदी प्रसन्न चेहऱ्याने मला गुड मॉर्निंग म्हणायचे.

सहाव्या दिवशी सकाळी मी एकटीच खाली किनाऱ्यावर गेले. तंबूची जागा वर होती, झाडांमध्ये. नवरा तिथल्या लाकडी टेबलाशी स्टोव्हला पंप मारत बसला होता आणि अधूनमधून फोन उंच धरून रेंज शोधत होता. मला फक्त दहा मिनिटं कुणाचं बोलणं ऐकायचं नव्हतं. खडकावर उभी राहिले. भरती येत होती, हवा गार होती, काही विशेष नव्हतं.

तेवढ्यात अगदी जवळ, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा फस्स आवाज होतो तसा आवाज झाला. पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला आणि त्याखालून एक पाठ वर आली. करडी, पांढऱ्या डागांची. ती संपेचना. वर येत राहिली, पुढे सरकत राहिली, आणि मग सावकाश आत गेली. मी तिथेच उभी. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, त्याच शांतपणे, घरातल्या घरात कुणी या खोलीतून त्या खोलीत जावं तशी. चार वेळा आली. मग नाही आली.

मला फार आनंद झाला. इतका की मी कुणालाही सांगायचं नाही असं तिथेच ठरवलं. नवऱ्याला एकदा का सांगितलं, की संध्याकाळपर्यंत तो व्हेल त्याचा होणार, आठवड्याभरात त्याला पंख फुटणार आणि वर मलाच विचारलं जाणार, हो ना गं? ही एक गोष्ट मला माझ्या मापाची ठेवायची होती. वर आले तर टेबलावर चहाचे दोन कप ओतून ठेवलेले होते. मी दुधाबद्दल काहीतरी बोलले आणि चहा प्यायले.

दुपारी एका गावात रेंज आली आणि माझा फोन वाजायला लागला. आमच्या मराठी ग्रुपवर नवऱ्याने टाकलं होतं, "आज सकाळी व्हेल दिसला! शब्दच नाहीत!" सोबत रिकाम्या समुद्राचा फोटो. खाली अंगठ्यांची रांग. तो समोरच बसून मासे खात होता, आणि मला त्याची शिसारी आली. ओंडक्याचा सील करणं वेगळं. इथे माझा व्हेल हाताशी असताना या माणसाने हवेतून दुसरा काढला होता. बघत होता माझ्याकडे, मी काही म्हणते का. मी मनात म्हटलं, पार्सिपनीला पोचू दे.

परतल्यावरच्या रविवारी आम्ही ओळखीच्या एका घरी जेवायला गेलो. त्या घरी नागपूरहून यजमानीणबाईंची आई आली होती, ऐंशीच्या पुढच्या मावशी. जेवण झाल्यावर नवऱ्याने सुरुवात केली. व्हेलने पाण्याबाहेर उडी मारली. एकदा नाही, तीनदा. चाळीस फूट. पाणी आमच्या अंगावर आलं. सगळे ऐकत होते, कुणीतरी "वॉव यार" म्हणालं. मी आइस्क्रीमची वाटी घेऊन वाट बघत होते. तो वळला.

"हो ना गं?"

मी उत्तर द्यायच्या आत मावशी मध्येच बोलल्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तो तर सांगतोच आहे. तू सांग. तुला कसा दिसला देवमासा?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी हे विचारलं होतं, आणि विचारणारीला खरंच ऐकायचं होतं. सांगायला माझ्याकडे होतंही. पण सांगितलं असतं तर नवऱ्याची थाप खरी ठरून तो सुटला असता, आणि मला तो सुटायला नको होता.

"मला नाही दिसला, मावशी," मी म्हटलं. "मी काहीच पाहिलं नाही."

यजमानीणबाईंनी घाईघाईने कॉफी कोणाकोणाला हवी ते विचारलं. नवरा हसला, पण कान लाल झाले होते. मावशींनी माझा हात सोडला. मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही, पण जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

गाडी हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "तू पाहिलास."

"काय?"

"व्हेल. टेबलापाशी मी बसलो होतो तिथून पाणी दिसत नव्हतं, मध्ये झाडं होती. तू दिसत होतीस. तू तोंडावर हात ठेवलास. मग एकटीच हसायला लागलीस. मी म्हटलं, आला."

तो बोलत राहिला.

"मी धावत येणार होतो. पण मी आलो असतो तर तुझं हसू गेलं असतं, मला माहीत आहे. म्हणून चहा ओतून थांबलो. म्हटलं, वर येऊन सांगेल. तू आलीस आणि म्हणालीस, दूध संपलंय. मग ग्रुपवर टाकलं. म्हटलं, त्यावर तरी चिडशील आणि सांगशील."

मला लाज वाटली. त्याच्या इतक्या थापांना मी हो म्हटलं होतं, आणि ज्या एका गोष्टीच्या मुळाशी काहीतरी खरं होतं, तिला मी चार लोकांत नाही म्हटलं. त्या तीन उड्यांचा राग होताच, तो अजून आहे. पण त्या सकाळी मी इतकी हसत होते हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते त्याने पाहिलं होतं आणि त्यात एका शब्दाची भर घातली नव्हती.

आमची एक्झिट आली. त्याने इंडिकेटर दिला, लेन बदलली आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "केवढा होता गं?"

"तू सांगतोस तेवढा नव्हता," मी म्हटलं.