पेशीची दारं आणि शबानाचं लग्न

लॅबमध्ये धूळ रोज पुसली तरी साचते. किस्सेही तसेच साचतात. फक्त किस्से पुसायला मला कोणी सांगत नाही!

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट. पहिल्याच दिवशी सरांनी समजावलं, "सुनंदाताई, मेंदूतल्या पेशीच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात. भिंतीतलीच एक चरबी ती उघडी धरते. चरबी गेली की दारं बंद, आणि पेशी बिथरते."

"म्हणजे चरबी असली की शांत?"

"अगदी!" सर पोटावरून हात फिरवत म्हणाले.

एवढी चरबी असून आमचे सर कधी शांत दिसले नाहीत!

*

शबाना सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, शुक्रवार पेठेतली. प्रबंध झाल्याशिवाय निकाह नाही, असं तिनंच घरी सांगितलेलं. सर म्हणायचे, "पेशीतल्या विजेचं एक चांगलं रेकॉर्डिंग मिळू दे, सुटलीस!"

त्यासाठी काचेची बारीक नळी पेशीला चिकटवायची. जरा धक्का लागला की सुटते. म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. एकदा नळी छान चिकटली आणि सर धावतच आत आले, "कोणी हलू नका!" आणि टेबलावर आदळले.

पेशी गेली. सर म्हणाले, "हे टेबल फार सेन्सिटिव्ह आहे हं!"

*

एकदा सरांनी पेढे वाटले. चरबी न घालताच दारं उघडली होती. "जगात पहिल्यांदा!" असं सर तीनतीनदा म्हणाले.

शबाना हळूच म्हणाली, "सर, पेशीवर द्रव सोडायची प्लास्टिकची नळी कालचीच आहे. कालची चरबी तिला आतून चिकटून राहिली असेल."

सरांनी उरलेल्या पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं.

*

आणि परवाची गोष्ट. शबानाची पेशी टिकली! चरबी घातली, दारं उघडली, चरबी काढली, दारं बंद, पुन्हा घातली, पुन्हा उघडली. तेवढ्यात तिचे अब्बा लग्नाच्या हॉलची तारीख विचारायला आले. मी ओठांवर बोट ठेवलं. बिचारे दारातच, एक पाय आत, एक बाहेर, श्वास रोखून उभे!

रेकॉर्डिंग संपलं. शबाना रडायलाच लागली. अब्बांनी विचारलं, "झालं का हो सर?"

"झालं की! अप्रतिम!" सर म्हणाले. "आता हेच आणखी पाच पेशींवर दाखवलं, की झालं."

अब्बांनी शांतपणे फोन काढला. "हॉलवाले भाई, तारीख पुढं ढकला की. अजून पाच पेशी बाकी हायत!"