दुपारचे चौतीस थेंब

त्याला सगळे खपल्या म्हणत. बॉयलरच्या पोटात शिरून नळ्यांवर चढलेली क्षाराची खपली छिन्नी-हातोड्याने फोडायची, हा त्याचा धंदा. लोखंडी पोटात घातलेला प्रत्येक घाव आधी कानात बसतो, म्हणून डावा कान तिशीतच कामातून गेला. उरलेलं काम उजवा कान मन लावून करत नसे.

खिशात साबणाच्या पाण्याची बाटली असायची. नळाचं पाणी कुपीत घ्यायचं, एकेक थेंब साबण टाकून हलवायचं, फेस टिकेपर्यंत मोजायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड; जड पाण्याची खपली लवकर चढते आणि खपलीखालची नळी तापून फुटते. गावाची ओळख त्याला थेंबांनीच होती. धरणाखालची वस्ती नऊ, रुळांपलीकडे तीस. नऊवाल्यांचे केस मऊ, तीसवाल्यांचे काथ्यासारखे. दोन्हीकडचे लोक मात्र दोष साबणाला देत.

त्याच्या दाजींनी टेकडीवर नवी लॉन्ड्री काढली, तेव्हा खपल्याने तिथलं पाणी तपासलं. बारा थेंब. "खपली काढायला बॉयलर सहा महिन्यांनी उघडा, काही होत नाही," असं तो छातीठोकपणे बोलला. पाचव्या महिन्यात नळी फुटली. बॉयलरवर बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची कातडी वाफेने मोज्यासारखी सोलून निघाली. तो तीन दिवस ओरडला आणि चौथ्या दिवशी थांबला. दाजींनी चौकशी तिथल्या तिथे उरकली. खपल्याचे पुढचे दोन दात त्याच्याच पान्याने पाडले.

दातांचं त्याला फारसं वाटलं नाही. बाराचं वाटलं. फुटक्या तोंडाने तो एक अख्खा दिवस टेकडीवरच्या नळापाशी बसला आणि दर तासाला थेंब मोजले. दहाला बारा. अकराला बारा. दोनला चौतीस. दुपारपर्यंत नळाला धरणाचं पाणी, नंतर बोअरचं. कपड्यांची खरी धुलाई चालायची दुपारी. तो मात्र जन्मभर सगळीकडचं पाणी सकाळी तपासत आला होता, चहाआधी.

पुढे नवा बॉयलर बसला. त्यावर बसायला माणूस मिळेना, म्हणून दाजींनी बायकोला बसवलं. म्हणजे खपल्याच्या ताईला.

"नवा बसवून तीन महिने झालेत. आजच उघडा," खपल्या म्हणाला.

"सहा महिने. तूच सांगितलंस."

"चुकलो होतो. सकाळचंच पाणी मोजलं होतं."

"मग आज कशावरून बरोबर?" दाजींचा मुद्दा बिनतोड होता. त्यांचे मुद्दे बहुधा तसेच असत. ते संपले की मग पाना.

ताई दाबमापकावरची नजर न काढता म्हणाली, "भांडायचं तर बाहेर भांडा. मला काटा दिसू द्या."

खपल्याने तो काटा पाहिला, त्यापासून हातभर अंतरावर असलेला ताईचा चेहराही पाहिला. मग त्याने बर्नरचा खटका पाडला, आणि तो पुन्हा कुणी चढवू नये म्हणून बर्नरच्या तोंडावर हातोडा घातला. तिसऱ्या घावाला बर्नर चेपला. चौथा दाजींचा होता, लोखंडी गजाचा, आणि तो खपल्याच्या खांद्याच्या हाडावर बसला. पाचवा बरगडीवर. खपल्या पडला तो बर्नरला मिठी मारूनच. सहाव्यासाठी गज वर गेला, तेव्हा ताईने कोळसे ओढायच्या जुन्या फावड्याचा दांडा नवऱ्याच्या मनगटावर उतरवला. हाड मोडल्याचा आवाज खपल्याच्या डाव्या कानालाही ऐकू गेला.

"आता कुणालाच चालवता येणार नाही," ती म्हणाली. "उद्या थंड झाला की उघडू."

सकाळी झाकण तिनेच खोललं. दोन्ही पुरुषांचा एकेक हात गळ्यात बांधलेला होता. खपली बोटभर जाड होती. ताईच्या खुर्चीसमोरची एक नळी तापून फुगली होती, गालात सुपारी धरल्यासारखी. दाजींनी चांगला हात आत घालून तो फुगवटा चाचपला. एकदा, मग पुन्हा. ताईने खुर्ची उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली.



"तुझ्या हिशेबाने किती थेंब म्हणालास?" दाजींनी विचारलं.

खपल्याने त्यांच्याकडे उजवा कान वळवला. "कितीला?" तो म्हणाला. "वेळ सांगा आधी."