जास्वंदीचं पान आणि बाटलेला भात

"ह्या पोरीला आत कुणी सोडलं? सगळं बाटलं की!"

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अक्का ओरडल्या. माझ्या हातातला जास्वंदीचं रोप लावलेला डबा हिसकावून त्यांनी बाहेर भिरकावला. मग भाताचं पातेलं उकिरड्यावर उपडं केलं. वाफाळता भात, मातीत. पहिलीतली पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. ती भाताकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

ते डोळे अजून स्वप्नात येतात.

मी संतपूरजवळच्या एका खेड्यातली. तेव्हा आठवीत होते. प्रयोगासाठी झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं होतं, म्हणजे पानातला अन्नाचा जुना साठा संपतो. झाड मी घरून आणलं होतं. शाळेत अंधारी खोली एकच, स्वयंपाकघराच्या आतली धान्याची. विज्ञानाच्या सरांनीच मला तिकडे पाठवलं. आमच्या वस्तीतलं कुणी तो उंबरा ओलांडत नाही, हे ते विसरले. प्रयोगाच्या आनंदात मीही विसरले.

"माफी माग आणि मिटव," सर हळूच म्हणाले.

मी कान धरले. "चुकलं, अक्का."

तिसऱ्या दिवशी सरांनी त्याच झाडाचं पान आणायला सांगितलं. जास्वंद नालीच्या कडेला आडवी पडली होती. मुळं उघडी, पानं अजून हिरवी. पडल्या जागीही ऊन धरत होती. सरांनी पान उकळलं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवला, वर आयोडिन टाकलं. पान काळंनिळं झालं. मग त्यांनी जेवणातली चार शितं मागवली. त्यांवर थेंब टाकला. तीही काळीनिळी.

"पान उन्हाच्या बळावर हवा आणि पाण्यापासून अन्न करतं. आयोडिननं काळंनिळं होतं ते स्टार्चमुळं. पानात स्टार्च, भातातही तोच. आपण सगळे पानाचंच खातो."

मी उभी राहिले.

"सर, मग परवा बाटलं काय?"

सरांनी फळा पुसायला घेतला.

"मी माफी परत घेते."

"माफी परत घेता येती व्हय गं?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

जेवणाच्या सुट्टीत मी अक्कांपुढं उभी राहिले. "परवा चुकलं म्हणाले ते खोटं होतं, अक्का. ह्या वरणातली तूर माझी माय कापती. ती कामून बाटत न्हाई?"

"लय तोंड सुटलंय गं तुझं."

आमच्या वस्तीतल्या पोरांना अक्का हातभर उंचावरून वाढायच्या. पळी ताटलीला लागू नये म्हणून. वरण अंगावर उडायचं. त्या दिवशी मी ताटली वर उचलली आणि पळीला भिडवली. खणकन आवाज झाला. अक्कांचा हात थांबला. मी ताटली खाली घेतली नाही.

पुढं सरांनीच मला पुस्तकं दिली, कॉलेजचा फॉर्म भरून दिला. आमच्या घरातली पहिली पदवी त्यांच्यामुळं आली. ते उपकार मी मानते. "मिटव" हा शब्दही त्यांचाच. तोही विसरत नाही.

येत्या जूनपासून मी विज्ञान शिकवणार आहे. माझ्या वर्गातलं एकही लेकरू न केलेल्या चुकीसाठी कान धरणार नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी नाही. नोकरी गेली तरी नाही.