शैलाचं ‘पर्टेन’

शैला गेल्याचं मला तिच्या एका विद्यार्थ्याच्या फोनवरून कळलं आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी राग आला. पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही दोघी एका बाकावर वाढलो. तिच्या डब्यातला पहिला घास माझा असायचा. आणि हा परभणीचा कालचा मुलगा मला सांगतो, “मावशी, आमच्या मॅडम झोपेतच गेल्या...” आमच्या!

करोलबागेतल्या आपल्या बैठकीच्या खोलीत ती महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. शब्द कुठलाही असो, वाक्य मुलाच्या गावावरून करायचं, हा तिचा नेम. ‘पर्टेन’ हे तिचं लाडकं क्रियापद. “म्हणजे संबंधित असणं, पण सरकारी कपड्यांतलं. मागोमाग ‘टू’ हवंच. ही फाइल परभणीच्या पाण्याशी पर्टेन करते... बिल्कुल बरोबर!” मी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत मेथी निवडत हे ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. एकदा विचारलंच, “माझं वाक्य कुठंय गं?” तर म्हणाली, “तुला कुठं परीक्षा द्यायचीय, यार!” मी हसले, पण ते मनाला लागलं ते लागलंच.

शोकसभा त्याच खोलीत झाली. एकेक जण उठून मॅडमनी दिलेलं आपलं वाक्य म्हणत होता... कुणी बीडचं, कुणी गडचिरोलीचं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडले. लहानपणापासूनची मैत्रीण मी, आणि म्हणायला एक ओळ नाही.

निघताना जालन्याची सलमा जवळ आली. “मंदामावशी तुम्हीच ना? पर्टेन कुठे वापरायचं नाही, हे शिकवताना मॅडम त्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवायच्या. ‘फाइल, विषय, प्रश्न, यांना पर्टेन. ही खुर्ची मंदाची. इथे साधं बिलॉन्ग चालतं. आणि तिच्यात कुणी बसायचं नाही.’”

“सगळ्या बॅचना सांगायची?”

“सगळ्या.”

मग मात्र मी रडले. तिथेच, जिन्यात, सगळ्यांसमोर.

आता त्या खोलीत सलमा शिकवते. परवा गेले तर एक नवी मुलगी माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. सतरंजीवर जागा होती, पलीकडे दिवाणही रिकामा होता. सलमा काही बोलणार, इतक्यात मीच पुढे झाले.

“ऊठ, बाळा,” मी म्हटलं, “ती माझी आहे.”